अंगणातले थडगे, कचेरीतला कागद

बालीचा दक्षिण किनारा आता भरला. चांगू, उलुवातू या भागांत भातखाचरांच्या जागी व्हिला उभे राहिले, रस्ते तुंबले, जमिनीचे भाव हाताबाहेर गेले. मग गुंतवणूकदारांची नजर पूर्वेला वळली. आधी लोंबोक, मग फ्लोरेसच्या पश्चिम टोकावरचे लाबुआन बाजो आणि आता सुंबा. बालीहून विमानाने तासाभराच्या अंतरावरचे हे बेट सुमारे अकरा हजार चौरस किलोमीटरचे, वस्ती आठ लाखांच्या आसपास. दलाल त्याला 'पुढचे बाली' म्हणतात आणि 'समुद्रालगतची, मोकळी, स्वस्त जमीन' असे मालाचे वर्णन करतात. बालीला जाणाऱ्या परदेशी पर्यटकांत ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल आता भारतीय असतात. आठवडाभराच्या सुट्टीनंतर 'इकडे एखादा तुकडा घेऊन टाकावा' असे आपल्याकडच्यांनाही वाटू लागले आहे. म्हणून त्या वर्णनातली तीन विशेषणे तपासून घेणे बरे. त्यांतले पहिले खरे आहे. उरलेली दोन फसवी आहेत.

आधी 'मोकळी'. पूर्व सुंबाचे माळ कोरड्या महिन्यांत पिवळे पडतात, मैलोन् मैल घर दिसत नाही. पण तो माळ म्हणजे घोडे आणि रेडे यांचे चराऊ रान असते, आणि कुठल्या कुळाची जनावरे कुठवर चरायची हे ठरलेले असते. पश्चिमेकडे हे कूळ 'कबिसू', पूर्वेकडे 'कबिहू'. जमीन मुळात कुळाची. घराला मिळते ती कसण्यापुरती. किनाराही रिकामा नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये 'न्याले' नावाचे समुद्रकृमी किनाऱ्याशी येतात. ते केव्हा आणि किती येतात हे पाहून 'रातो' म्हणजे मारापू धर्माचे पुरोहित यंदाचे पीक कसे असेल ते सांगतात आणि 'पासोला' सुरू होतो. घोडेस्वारांच्या दोन फळ्या एकमेकींवर लाकडी भाले फेकतात, रक्त सांडले तर ते जमिनीला मानवते अशी श्रद्धा. परक्याला जी नुसती वाळू दिसते, तिच्यावर गावाचे शेतीचे पंचांग उभे असते.

गावात शिरले की मालकीचा पुरावा डोळ्यांसमोरच असतो. कोडी भागातले रातेंगारो हे गाव पाहा. गवताने शाकारलेली, आकाशात उंच निमुळती गेलेली घरे: खाली डुकरे-कोंबड्या, मध्ये माणसे आणि वर शिखराच्या पोकळीत पूर्वजांच्या वस्तू. घरांच्या पुढ्यात आणि पार समुद्राच्या काठापर्यंत दगडी थडगी. यांतल्या मोठ्या थडग्यांचे दगड काही टन वजनाचे. ते ओढून आणायला शेकडो माणसे लागतात, आणि त्या माणसांच्या जेवणासाठी जनावरे कापावी लागतात. आपला पूर्वज इथे आहे, म्हणून आपण इथले आहोत, हा तिथला दाखला. पिढ्यान् पिढ्या तो पुरला. अडचण एवढीच, की जमीन कचेरीत तो दाखल करता येत नाही.

यातूनच 'स्वस्त' या शब्दाचा उलगडा होतो. कुळाच्या जमिनीचा नोंदणीकृत कागद बहुधा नसतो. असते ती कर भरल्याची पावती, नाहीतर गावप्रमुखाचे पत्र. कुळातला एक जण सही करतो आणि पैसे घेतो. नंतर चुलते उभे राहतात आणि आम्हाला विचारले नाही म्हणतात. शेजारचे कूळ हद्दीवर हरकत घेते. आर या मापाने लावलेला तो कमी भाव जमिनीचा नसतोच. मालकी कोणाची हा न सुटलेला प्रश्न जमिनीसोबत घेणाऱ्याच्या पदरात पडतो आणि भावातली सूट ही त्याची भरपाई असते.

इंडोनेशियाचा कायदा या प्रश्नाचे उत्तर निम्मेच देतो. १८७०मध्ये डच सरकारने ठरवून टाकले, की ज्या जमिनीवर कोणाला मालकी सिद्ध करता येत नाही ती सरकारची. सुकार्नोंच्या काळात, १९६०च्या मूलभूत जमीन कायद्याने ते तत्त्व मोडीत काढले. पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त नागरिकाला मिळेल असे त्यात ठरले. परदेशी माणसाच्या वाट्याला येतो तो वापराचा हक्क. २०२१च्या नियमांनुसार तो ३० वर्षांचा, पुढे २० वर्षांची वाढ आणि मग ३० वर्षांचे नूतनीकरण. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन मागे आपण राहायचे, ही युक्ती बालीत सर्रास चालते. पण त्याच कायद्याच्या २६व्या कलमानुसार असा व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. शिवाय किनारपट्टी म्हणून भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून आत किमान १०० मीटर पट्टा राखायचा असतो. समुद्राच्या अगदी तोंडावर बंगला बांधण्याच्या स्वप्नाला तिथेच खीळ बसते.

पण परदेशी माणसाला मालकी नाकारली म्हणजे गाव वाचले असे होत नाही. महाराष्ट्रातही बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला कायद्याची आडकाठी आहे; म्हणून कोकणातल्या जमिनी कोकणातल्यांकडेच राहिल्या, असे कोणी म्हणणार नाही. सुंबातही भांडवलाला पासपोर्ट लागत नाही. जकार्ता, सुराबाया, बाली इथला पैसा नागरिकाच्या नावाने किंवा कंपनीच्या नावाने येतो आणि कागद घेऊनच येतो. पश्चिम सुंबातल्या मारोसी किनाऱ्यावर २५ एप्रिल २०१८ रोजी एका कंपनीच्या जमिनीची मोजणी पोलीस बंदोबस्तात चालू होती. गावकऱ्यांनी विरोध केला, आणि गोळी लागून एक शेतकरी मेला. जमीन वर्षानुवर्षे पडीक आहे, मग तिच्यावर कंपनीचा हक्क कसला, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. त्या वादात परदेशी मालकीचा मुद्दा कुठेच नव्हता. एका बाजूला कागद होता आणि दुसऱ्या बाजूला वहिवाट.

म्हणून 'परंपरा वाचवा' एवढे म्हणून भागत नाही. सुंबाची परंपरा निर्मळ नाही. पूर्व सुंबात 'मारांबा' म्हणजे सरदार घराणी, त्यांच्याखाली सामान्य कुळे आणि तळाशी गुलामांचे वंशज, ही उतरंड अजून पुरती मोडलेली नाही. कुळाची जमीन म्हणताना तिच्यावरचा अंतिम शब्द बऱ्याचदा एका घराण्याचाच असतो, आणि वारसा पुरुषांकडून पुरुषांकडे जात असल्याने बायकांना त्यात स्थान नसते. जमीन विकायला लावणारी ओढही परंपरेतूनच येते. लग्नात मुलीकडच्यांना 'बेलिस' द्यायचे म्हणजे घोडे आणि रेडे द्यायचे. मयताला रेडे-डुकरे कापायची, दुसऱ्यांनी आपल्या मयताला आणलेल्या जनावरांची परतफेड करायची. त्यात आता मुलांच्या शिक्षणाची आणि दवाखान्याची भर पडली आहे. एवढी रोकड शेतीतून निघत नाही, ती जमिनीतूनच निघते. कुळाच्या एका पिढीने जमीन विकली, की पुढच्या पिढीला तारण ठेवायलाही काही उरत नाही.

पर्यटनाने काहीच दिले नाही, असेही म्हणता येणार नाही. १९८८मध्ये क्लॉड ग्रेव्हज यांनी पश्चिम सुंबाच्या एका किनाऱ्यावर मुक्काम ठोकला आणि तिथून निहिवातू हे रिसॉर्ट उभे राहिले. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेतल्या 'ट्रॅव्हल अँड लेजर' मासिकाने त्याला जगातले सर्वोत्तम हॉटेल ठरवले. त्याच्याशी जोडलेल्या सुंबा फाउंडेशनने विहिरी खोदल्या, मलेरियाचे दवाखाने चालवले. पाण्याचा हंडा घेऊन रोज डोंगर उतरणाऱ्या बाईला विहीर कोणी खणली याने फरक पडत नाही, आणि पडूही नये. गावाला मात्र पडायला हवा. देणगीतून आलेली विहीर देणगीदाराच्या मर्जीवर टिकते, भाड्यातून आलेली विहीर कराराने टिकते.

सारा प्रश्न इथे येऊन ठेपतो. सुंबाच्या गावाने जमीन विकू नये, मुदतीने द्यावी. आणि तीही बालीच्या धर्तीवर नको. तिथे २५-३० वर्षांचे भाडे पुष्कळदा एकरकमी घेतले जाते. म्हणजे बाप मुलाच्या वाट्याचे भाडे आजच खर्च करून बसतो. भाडे दर वर्षी यावे, ठरावीक वर्षांनी ते वाढावे. करारात पाण्याचा वाटा, किनाऱ्यावर जायची वाट आणि पासोलाचे मैदान नाव घेऊन लिहिलेले असावे. सही एका म्हाताऱ्याची नसावी, कुळातल्या बायकांसह साऱ्यांची असावी.

अर्थात करार करायला आधी जमीन कुळाच्या नावावर हवी. देशभर २०१७पासून चाललेल्या सरसकट नोंदणी मोहिमेचा ओघ वैयक्तिक प्रमाणपत्रांकडे आहे. ज्याच्या हाती स्वतंत्र प्रमाणपत्र पडले, त्याला विकायला कुळाला विचारावे लागत नाही. सामूहिक हक्क १९६०च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात मान्य आहे, पण 'प्रत्यक्षात तो अस्तित्वात असेल तर' या अटीवर, आणि ते अस्तित्व सिद्ध करण्याचा भार गावावरच पडतो. मारापू लोकांना कागदाचे महत्त्व नव्याने सांगायला नको. त्यांचा धर्म ओळखपत्रावर लिहिला जात नव्हता, त्यामुळे लग्नाच्या नोंदी आणि मुलांचे दाखले अडत होते. घटना न्यायालयात गेलेल्यांत मारापू अर्जदारही होते, आणि २०१७च्या नोव्हेंबरात तो हक्क मिळाला. धर्माची नोंद मिळवण्याइतकीच जमिनीची नोंद मिळवणे निकडीचे आहे, आणि तिला वेळ कमी आहे.

या बेटावर पैसा गुंतवायचा विचार करणाऱ्यासाठीही उत्तर हेच आहे. तिथे मालक होता येणार नाही. कायद्याने नाही आणि कायदा वाकवून तर नाहीच. भाडेकरू होता येईल, पण ज्याच्याकडून जमीन घेतली त्याच्या कुळाला दर वर्षी पैसे मोजून आणि मुदत संपल्यावर बांधलेल्या भिंतींसकट ती परत देऊन. ही अट ज्याला जाचक वाटते, त्याने सुंबाला खुशाल पर्यटक म्हणून जावे. तिथे जमीन शोधू नये.