टॉवर नको, डीजे चालेल

घाटकोपरच्या सोसायट्यांच्या सभेत एक काका हमखास उठतात. "समोरच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर आधी हलवा, त्या लहरींनी कॅन्सर होतो!" हेच काका विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासभर आनंदाने उभे असतात. त्याही लहरीच की!

ध्वनीला माध्यम लागतं, प्रकाशाला लागत नाही, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरणारं विमान दिसतं एकीकडे, घरघर येते मागून. एका किलोमीटरला आवाज तीन सेकंद घेतो, प्रकाशाला सेकंदाचा तीन लाखावा भाग पुरतो. पण काकांशी भांडायला हा फरक कुचकामी आहे. कामाचा फरक वेगळाच. डीजेने कान जातात ते मुख्यतः आवाजाच्या जोरामुळे. विद्युतचुंबकीय लहरींत आधी वारंवारता पाहावी लागते. क्ष-किरण थोडे असले तरी रेणूंचे बंध तोडू शकतात. मोबाइलच्या लहरींच्या एकेका कणात तेवढी ऊर्जाच नसते. जोर वाढवला तर ऊब वाढते, बंध तुटत नाहीत.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला तर सगळा उलटा मामला. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. शेजारी ताशा बडवला तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. खिशातला मोबाइल मात्र विघ्न ठरतो.

इथवर काका चीतपट. त्यांचा हुकमी एक्का म्हणजे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओ लहरींवर मारलेला 'कदाचित कर्करोगकारक' हा शिक्का. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत, हे ते सांगत नाहीत.

तरीही त्यांना सरसकट अडाणी म्हणणं जड जातं. कान ठणकला की माणूस डीजेपासून दूर सरकतो. टॉवरच्या लहरी जाणवायला मात्र शरीराकडे इंद्रियच नाही, मग त्या मोजून दाखवा म्हणण्यात चूक काय? भारताने २०१२ मध्ये टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आणि २०१७ मध्ये 'तरंग संचार' पोर्टल आलं. शुल्क भरून मोजणी मागता येते. काकांनी ती जरूर मागावी.

मात्र मीटर लावायचाच तर निवासी भागातल्या रात्रीच्या ४५ डेसिबलच्या मर्यादेलाही लावावा. त्यावर काकांचं उत्तर तयार असतं: राज्य सरकार वर्षातले १५ दिवस लाउडस्पीकरला रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस त्यांना तोंडपाठ आहेत.