चार्टर शाळा आणि श्रद्धेचा हक्क
अमेरिकेतील चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, कारभार मात्र स्वतंत्र मंडळ पाहते. असा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटा राज्याने केला. फी नसते, अर्ज जास्त आले की सोडत निघते. शाळा निवडताना श्रद्धाळू पालकांसमोर प्रश्न असतो तो धर्माचा, कारण या शाळांना धर्मशिक्षण देता येत नाही.

सर्वांना सरकारी शाळेची सक्ती करणारा ओरेगनचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्येच रद्द केला. खासगी धार्मिक शाळेची वाट मोकळी राहिली. तिचा खर्च सरकारने उचलावा, असे मात्र त्या निकालात नव्हते. ओक्लाहोमात २०२३ मध्ये सेंट इसिडोर या कॅथलिक ऑनलाइन शाळेला चार्टर मंजूर झाला आणि हीच सीमा पणाला लागली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. २०२५ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मते ४-४ अशी विभागली गेल्याने तो निर्णय टिकला.

श्रद्धा आणि शिक्षण वेगळे काढता येत नाही, हे पालकांचे म्हणणे वजनदार आहे. तरीही सर्वांच्या करातून चालणारी शाळा एका पंथाची होणे अन्यायाचेच. त्याहून अवघड प्रश्न मुलाच्या स्वतःच्या इच्छेचा. पालकांच्या धार्मिक हक्कावरील १९७२ च्या योडर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः असहमती नोंदवून मुलांचेही म्हणणे ऐकावे, असा आग्रह धरला होता.