बंद पेटीतील आशा

भाजीवालीने पिशवीचे तोंड बांधून ‘आत काय आहे ते घरी जाऊन बघा’ म्हटले, तर आपण पैसे देऊ काय? मोबाईलवरील खेळांत मात्र मुले नेमका हाच व्यवहार करतात. ‘लूट बॉक्स’ असे त्या पेटीचे नाव. पैसे आधी द्यायचे. तलवार निघाली की बिनकामाचा अंगरखा, हे मागून कळते.

विकणारे म्हणतात, पेटी रिकामी कधीच निघत नाही, मग जुगार कसला? बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 साली उत्तर दिले : खेळ आहे, पण आहे, हार-जीत आहे आणि दैव आहे, म्हणजे जुगारच. नेदरलँड्समध्ये उलट घडले. एका कंपनीवरील 1 कोटी युरोचा दंड तेथील वरिष्ठ न्यायपीठाने 2022 साली रद्द केला. असो. आपला प्रश्न कायद्याचा नाही. मोहात पडणाऱ्याचा दोष किती आणि मोह रचणाऱ्याचा किती, हा आहे.

मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळत असेल तर कबूतर मध्ये विसावते. कितव्या टोचीला मिळेल हे अनिश्चित ठेवले, की ते टोचतच राहते. पेटीची रचना याच जातीची. हवी ती वस्तू उघड किमतीला विकता आली असती. ती झाकून विकली जाते, कारण विक्री वस्तूची नसून आशेची आहे. तेव्हा ‘मनाला आवर घाला’ एवढे सांगून आपण मोकळे होतो, हे आम्हा उपदेश करणाऱ्यांनी आधी कबूल करावे. दहा वर्षांच्या मनाला आवरता येऊ नये अशीच मांडणी करायची आणि सारा भार त्याच मनावर टाकायचा, हा कुठला न्याय?

कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणे चीनने 2017 पासून सक्तीचे केले. चांगलेच केले, पण शेकडा एक हा आकडा वाचून मूल थांबते काय? लॉटरी घेणारा बापही थांबत नाही! जपानने 2012 साली मुळाला हात घातला. पेट्यांतील वस्तूंचा पूर्ण संच जमला तरच मोठे बक्षीस, हा प्रकार तेथे बंद झाला. संच पुरा होत आला, की शेवटची वस्तू सोडवत नाही. अर्थात बंदीनेही सारे भागत नाही. बेल्जियममध्येच 2022 च्या पाहणीत सर्वाधिक कमाईच्या 100 आयफोन खेळांपैकी 82 खेळांत पेट्या आढळल्या.

उरते घर. मुलाच्या फोनला बँकेचे कार्ड जोडून ठेवू नये. खरेदीचा पासवर्ड वडीलधाऱ्यांकडे असावा. आणि कायकाचे पैसे पेटीत गेलेच, तर रागावण्याआधी शेजारी बसून विचारावे, ‘तुला हवे होते ते निघाले का रे?’ बहुधा तो नाही म्हणेल. बोलणे तेथून सुरू करता येते.