दाराशी पडलेला लाजरस



सामान्य काळातील २६व्या रविवारी, 'क' वर्षात, श्रीमंत माणूस व लाजरस यांचा दाखला (लूक १६:१९-३१) आपण मिस्सात ऐकतो. ऐकतो आणि खाली बसतो.

या श्रीमंताचा गुन्हा तरी कोणता? त्याने लाजरसला मारल्याचे, हाकलल्याचे किंवा लुबाडल्याचे येशू सांगत नाही. एखादा बरा वकील त्याला सहज सोडवील! पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. अधोलोकात यातना भोगताना तो अब्राहामला विनवतो, लाजरसला पाठव. म्हणजे नाव त्याला ठाऊक होते! आणि तिथेही लाजरस त्याला दिसतो तो पाणी आणून देणारा गडी म्हणूनच.

मग तो आपल्या पाच भावांसाठी चमत्कार मागतो. अब्राहाम म्हणतो, मोशे व संदेष्टे त्यांच्याजवळ आहेत, त्यांचे ऐकावे.

हाच दाखला आल्बर्ट श्वाइट्झर यांनी ऐकला. ते प्रॉटेस्टंट, आपल्या ख्रिस्तसभेतले नव्हेत. पण ऐकले ते त्यांनी. आफ्रिकेतील रोगी हा युरोपच्या दाराशी पडलेला लाजरस आहे, असे त्यांना वाटले. तिसाव्या वर्षी ते वैद्यक शिकायला बसले व १९१३ साली गॅबॉनमधील लाम्बारेने येथे दवाखाना काढला.

गॅबॉन दूर आहे. आमच्या आळीत एक बाबा अंथरुणाला खिळलेले आहेत. मिस्साहून परतताना त्यांच्या खिडकीवरूनच मी जातो. त्यांचे नाव मला ठाऊक आहे. गेले कित्येक रविवार मी आत पाऊल टाकलेले नाही.