वेदनाशमन आणि पाचवे शील

दीक्षा घेतल्यापासून ज्या घरात दारूचा थेंब शिरला नाही, अशा एका घरी वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. निदान झाले तेव्हा तो यकृतात पसरला होता. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले. वडील म्हणाले, "मी पंचशील घेतले आहे. नशेत मरणार नाही." मुलगा विचारतो, यात शीलभंग होतो काय?

बंधूंनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शीलासाठी यातना सोसणाऱ्याची निष्ठा मोठीच आहे. पण शीलाला प्रज्ञेची जोड हवी.

पाचवे शील कशासाठी? मद्याने प्रमाद घडतो, विवेक सुटतो म्हणून. असह्य वेदनाही विवेक हिरावून घेते. योग्य मात्रेत, ठरल्या वेळी दिलेल्या मॉर्फिनने रोगी झोपतो, जेवतो, मुलाबाळांशी बोलतो. सुरुवातीस गुंगी व मळमळ होते. मलावरोध होतोच, म्हणून सोबत रेचक देतात. शरीराला औषधाची सवय होणे वेगळे आणि व्यसन वेगळे. महावग्गात तर वातरोगी भिक्खूसाठी मद्य घालून उकळलेले तेल घेण्याची बुद्धाने अनुज्ञा दिली आहे. अट एवढीच की मद्याचा रंग, वास, चव जाणवू नये.

कोणी म्हणेल, हे मागल्या जन्मीचे भोग आहेत, भोगलेच पाहिजेत. ही शिकवण आपण मागे टाकून आलो आहोत. पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे.

दुसरी शंका अशी, की वेदनाशमन म्हणजे डॉक्टरांनी हात टेकणे. तसे नाही. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये आणि शांती अवेदना संस्थेने १९८६ साली मुंबईत अशा रोग्यांसाठी स्वतंत्र शुश्रूषागृहे उघडली. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या एका अभ्यासात, उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळालेले रोगी अधिक बऱ्या स्थितीत राहिले आणि सरासरीने काही महिने जास्त जगले.

अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा आपण ऐकली आहे. बुद्धाने आनंदासह त्याला स्वतः न्हाऊ घातले, उचलून मंचावर निजविले. तो बरा झाला असे तेथे सांगितलेले नाही. बरे करणे नेहमी आपल्या हाती नसते. दुःख हलके करणे पुष्कळदा असते.

म्हणून त्या मुलास आमचे उत्तर असे: वडिलांजवळ बसा, त्यांना हे समजावून सांगा. निर्णय त्यांचाच राहू द्या. आणि त्यांनी होकार दिला, तर औषधाची वेळ चुकवू नका.