मोगलीचा दुसरा बैल

'सहकुटुंब पाहावा असा' ही शिफारस एखाद्या चित्रपटाच्या जाहिरातींत वाचली, कीं सामान्य गृहस्थास एक प्रकारचा निर्धास्तपणा वाटतो. वृद्ध मातोश्रींसमोर अथवा शाळकरी मुलीसमोर आपणांस खालीं मान घालावी लागणार नाहीं, एवढें आश्वासन त्याला त्या तीन शब्दांत मिळतें. हें आश्वासन क्षुद्र आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि त्याच्या पोटांत आणखी एक वचन दडलेलें असतें, तें असें कीं, या खेळांत कोणाच्याहि मनास ओरखडा उठणार नाहीं. पहिलें वचन शिष्टाचाराचें आहे. दुसरें नीतीच्या प्रांतांतलें आहे, आणि त्याचाच विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोगलीची गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. मात्र ती पुस्तकांतून ठाऊक असलेले थोडे व पडद्यावरून ठाऊक असलेले पुष्कळ, असेंच प्रमाण निघेल. रडयार्ड किपलिंगचें 'द जंगल बुक' १८९४ सालीं व त्याचा दुसरा भाग १८९५ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथकार इंग्रज खरा, पण त्याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजीं मुंबईंत झाला. त्याचे वडील सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिक्षक होते. बालपणीं आपले विचार आणि आपलीं स्वप्नें देशी भाषेंतच चालत, आणि आईबापांशीं बोलतांना त्यांचें अडखळत इंग्रजी भाषांतर करावें लागे, असें त्यानें आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे. त्याची आया रोमन कॅथलिक होती. रस्त्याकडेच्या क्रुसापाशीं ती प्रार्थना करी तेव्हां हा मुलगा तिच्या शेजारीं असे. वसईच्या वाटांवर असे क्रूस आजहि उभे आहेत, तेव्हां वटारच्या वाचकास हें चित्र डोळ्यांपुढें आणण्यास सायास पडावयाचे नाहींत. गोष्टीची भूमि शिवनीच्या टेकड्यांची आणि वैनगंगेच्या कांठची. तीच नदी पुढें आपल्या भंडारा जिल्ह्यांतून वाहते. हें परक्याचें पुस्तक आहे, आपणांस त्याचें काय, असें म्हणून हात झटकण्यास आम्हांस फारशी जागा नाहीं.

या गोष्टीचा पाया एका व्यवहारावर रचलेला आहे. लांडग्यांच्या सभेंत माणसाचें पोर आणून ठेवितात, आणि शेरखान नांवाचा लंगडा वाघ त्यावर हक्क सांगतो. पोराच्या बाजूनें दोघांनीं बोलावें असा कायदा. पिलांचा गुरुजी बालू अस्वल एक शब्द टाकतो. दुसरा बोलणारा बघीरा हा काळा बिबळ्या. त्याला सभेंत बोलण्याचा अधिकार नाहीं, म्हणून तो नुकताच मारलेला एक पुष्ट बैल मोबदला देऊं करतो. मोगलीचा जीव असा बैलाच्या किमतीस विकत घेतलेला आहे, आणि म्हणूनच गुराढोरांस त्यानें कधीं मारावयाचें नाहीं असा निर्बंध त्याच्यावर आहे. हा बालू पाठ चुकल्यास शिष्यास चांगले फटके देतो. जंगलांत सर्वांस कायदा आहे. नाहीं तो एका वानरजमातीस. त्यांना नायक नाहीं, स्मरण नाहीं, हातीं घेतलेलें काम तडीस नेण्याची संवय नाहीं, आणि म्हणून इतर प्राणी त्यांच्याकडे दृष्टीहि वळवीत नाहींत. झुंड कशाला म्हणावें हें मुलांस समजावून देणारें याहून चांगलें प्रकरण आम्हांस तरी आढळलें नाहीं.

आतां पडद्याकडे वळूं. १९४२ सालच्या झोल्टान कोर्डाच्या चित्रपटांत म्हैसूरकडच्या साबूनें मोगलीचें काम केलें, हें पुष्कळांच्या आजोबांनीं पाहिलें असेल. परंतु जगभर ज्या मोगलीचा ठसा उमटला तो वॉल्ट डिस्नेच्या १९६७ सालच्या बोलपटांतला. मूळ पुस्तक वाचूं नका, असें डिस्नेनें आपल्या कथालेखकास बजाविल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. चित्रपट पाहिल्यावर ती खरी वाटूं लागते. तेथें बालू हा गुरुजी नसून एक आनंदी, आळशी, गाणारा सोबती झाला आहे. ज्या अजगरानें पुस्तकांत वानरांच्या तावडींतून मोगलीस सोडविलें, तोच येथें त्यास गिळावयास टपलेला. ज्यांना राजा नाहीं हेंच ज्यांचें व्यंग, त्या वानरांस एक राजा बहाल केला आहे, आणि तोहि हिंदुस्थानांत न आढळणारा ओरांगउटान! शेरखान मरत नाहीं. शेपटीला जळती फांदी बांधल्यावर पळून जातो. चित्रपट म्हणून तो रमणीय आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों, आणि घरांतल्या मुलांसह तो एकाहून अधिक वेळां पाहिला असल्यानें तक्रारीचा आम्हांस फारसा अधिकारहि नाहीं. पण त्यांतून जंगलाचा कायदा नाहींसा झाला, आणि कायद्याबरोबर ऋणहि गेलें. २०१६ सालच्या जॉन फॅव्हरोच्या चित्रपटांत लांडगे कायदा पुन्हा म्हणूं लागले, ही सुधारणा खरी; मात्र तेथें मुलगा शेवटीं जंगलांतच राहतो, म्हणजे वियोगाचा प्रश्नच उरत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, चित्रानें कल्पनाशक्ति मारली जाते, तेव्हां मूळ दोष पडद्याचाच. हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटतो. किपलिंगच्या पुस्तकासाठीं त्याच्या वडिलांनींच चित्रें काढलीं होतीं. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्र हातीं धरून रामायण सांगत आले. त्यानें कोणाची कल्पना खुरटल्याचें ऐकिवांत नाहीं. बदल करणें हाहि अपराध नव्हे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा शाळकरी फास्टर फेणे २०१७ सालच्या चित्रपटांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं पुण्यास आलेला तरुण झाला, आणि खुद्द भागवतहि त्यांत एक पात्र म्हणून अवतरले. पण हा बदल उघड्या डोळ्यांनीं केलेला होता. फेणे वाचून वाढलेले वाचकच आतां मोठे झाले होते. मूळ ग्रंथांतील कांहीं गोष्टी तर गाळणेंच न्याय्य असतें. गांवकरी चेटकी ठरवून जिला जाळूं पाहतात त्या मेसुवेस इंग्रजांच्या आश्रयासच धाडावें लागतें, कारण न्याय तेवढा त्यांच्यापाशीं, हें किपलिंगचें साम्राज्यवादी गृहीत आजच्या पटकथाकारानें काढून टाकलें, तर आम्ही त्यास धन्यवादच देऊं.

मग आमचा वाद कशाशीं? वाद एवढाच, कीं जें गाळलें जातें तें बहुधा असत्य म्हणून गाळलें जात नाहीं, तर मुलांस जड जाईल म्हणून गाळलें जातें. पुस्तकांत मोगली शेरखानास घळींत कोंडून म्हशींच्या दोन कळपांखालीं तुडवून मारतो. त्याचें कातडें सोलतांना गांवचा शिकारी बुलदेव शंभर रुपयांच्या बक्षिसासाठीं तें मागावयास येतो. आणि वाघ मारला त्याच दिवशीं गांवकरी त्या मुलास दगड मारून हांकून देतात. लांडग्यांनीं आधींच टाकलें, आतां माणसांनींहि टाकलें. हें दहा वर्षांच्या मुलास ऐकवावें काय?

आमच्या आज्यांस हा प्रश्न पडत नसे. भोपळ्यांत बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीच्या वाटेवर वाघ खराच भुकेलेला असे. चिमणीनें दार उघडण्यास लावलेला उशीर आणि भिजलेल्या कावळ्याचे हाल यांत तर सरळ सरळ निर्दयपणा आहे. हल्लीं कित्येक सुशिक्षित घरांतून कावळ्यास शेवटीं गरम भात मिळतो म्हणे. वटार-नंदाखालच्या पट्ट्यांत, केळीच्या वाड्यांमधल्या घरांतून, सामवेदी बोलींत सांगितलेल्या गोष्टी ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांस आठवेल कीं भीतीची जागा आली म्हणजे मूल सांगणारीच्या लुगड्याला अधिक बिलगे. गोष्ट थांबे, "मग त्यानें तसें कां केलें?" असा प्रश्न येई, उत्तर मिळे किंवा न मिळे, पण हात पाठीवर असे. भीतीसाठीं कुटुंबासारखी सुरक्षित जागा दुसरी नाहीं. एकट्या मुलानें जें पाहूं नये, तें घरच्यांच्या मध्यें बसून त्यास पाहतां यावें, हाच वास्तविक सहकुटुंब पाहण्याचा अर्थ. पण व्यापारानें तो नेमका उलटा केला. सर्वजण एकत्र आहेत म्हणून कोणासहि कांहीं बोचूं नये, अशी व्यवस्था झाली, आणि मग एकत्र बसण्याचें प्रयोजनच उरलें नाहीं. मुलें पडद्यापुढें, वडीलधारीं आपापल्या कामांत.

१९९३ सालच्या सुमारास दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं मोगलीची चित्रमालिका लागे, तेव्हांची स्थिति किंचित् निराळी होती. ती मालिका जपानांत तयार झालेली; तिचें हिंदी शीर्षकगीत गुलजारांचें, संगीत विशाल भारद्वाजांचें, आणि शेरखानास आवाज नाना पाटेकरांचा. इंग्रजानें लिहिलेली, जपान्यांनीं रंगविलेली मध्य हिंदुस्थानची गोष्ट, आमच्या मुरूड-जंजिऱ्याच्या नटाच्या आवाजांत! घरांत एकच संच असल्यानें सर्वांस तिच्यापुढें बसणें भाग पडे, आणि मूल विचारी त्या प्रश्नास कोणी तरी उत्तर देई. तेंहि घरच्या बोलींत.

ही बोलीची गोष्ट सहज आली, पण ती आम्हांस महत्त्वाची वाटते. मोगलीस प्रत्येक प्राण्याची भाषा येते, प्रत्येकाशीं बोलावयाचा परवलीचा शब्द त्यास बालूनें शिकविलेला असतो; आणि तरीहि अमुक एक कळप आपला असें त्यास छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. आमच्या भागांतलीं मुलें घरीं कादोडी बोलतात, मराठी वाचतात, शाळेंत इंग्रजी ऐकतात आणि खेळतांना हिंदी वापरतात. त्यांस या मुलाची अडचण कोणी समजावून सांगावी लागत नाहीं. दोन्हीकडचा असून दोन्हीकडून दूर पडलेला मोगली हाच त्यांचा खरा सोबती. त्याचें दुःख काढून घेतलें, तर त्यांच्या हातीं उरतें तें फक्त वेलींवर झोके घेणारें पोर.

दुसऱ्या भागाच्या अखेरीस मोगली सतरा वर्षांचा झालेला आहे. बालू आंधळा व म्हातारा झाला आहे. वसंत ऋतूंत मोगलीस कारण न कळतां रडूं येतें, आणि माणसांकडे जाण्यावांचून गत्यंतर नाहीं हें जुन्या सोबत्यांस त्याच्या आधीं कळतें. बघीरा निरोपास उशिरां येतो. वाटेंत तो एक बैल मारून आलेला असतो. पहिल्या बैलानें मोगलीस जंगलांत घेतलें होतें, या दुसऱ्यानें तो ऋणमुक्त झाला, आतां त्यानें खुशाल जावें, असें सांगून तो त्याचे पाय चाटतो आणि निघून जातो. आम्हीं पाहिलेल्या एकाहि चित्रपटांत हा दुसरा बैल नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं हा भाग मोठ्यानें वाचून दाखविला, तेव्हां ऐकणाऱ्या मुलीनें एवढेंच विचारलें, कीं बघीरानें बैल मारला नसता, तर मोगलीला राहतां आलें असतें काय? आम्ही अद्याप उत्तर दिलेलें नाहीं.