मात्रा

आमची आजी बाळगुटी उगाळायला बसली की घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. समोर धुतलेली सहाण, वाटीत बाळाच्या आईचं दूध, ताटलीत हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा. एकेक वस्तू दुधात बुडवून ती सहाणेवर फिरवायची आणि वेढे मोजायची. जायफळाचा एकच. पोट बिघडलं असेल तर मुरुडशेंगेचे दोन. बाळ रात्री झोपत नाही, जायफळाचे अजून चार वेढे द्या, असं कोणी म्हणालं की तिचा हात थांबायचा. ‘मात्रा चुकली की ते औषध राहत नाही,’ एवढंच बोलायची.

तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका, असं आता डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबरच आहे. आमची सहाण आता फक्त गंध उगाळण्यापुरती उरली आहे. पण वेढे मोजणारा तो हात मला ठाण्यातल्या बाळकुममधून जाताना हमखास आठवतो.

जून २०२०. बाळकुम-साकेतच्या ग्लोबल इम्पॅक्ट हबमध्ये ठाणे महापालिकेचं १०२४ खाटांचं कोविड रुग्णालय सुरू झालं. घरातलं माणूस रुग्णवाहिकेतून आत जायचं आणि आपण बाहेर, फोनच्या पडद्यावर डोळे लावून. ‘सॅच्युरेशन’, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, हा तोपर्यंत कोणाला ठाऊक नसलेला शब्द घराघरात आला आणि आजचा आकडा किती, असं विचारलं जाऊ लागलं. आणि त्याच महिन्यात, १६ जूनला, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एक निष्कर्ष जाहीर केला: डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं कोविडचे मृत्यू कमी होतात. औषध नवं नव्हतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते वापरात होतं आणि आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळत होतं.

‘रिकव्हरी’ नावाच्या त्या चाचणीत २१०४ रुग्णांना रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलं गेलं, तर ४३२१ रुग्णांवर नेहमीचेच उपचार झाले. कोण कुठल्या गटात जाणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये नेहमीच्या उपचारांत शंभरातले ४१ जण महिनाभरात दगावत होते, डेक्सामेथासोननं ते २९ झाले. ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये २६ चे २३ झाले. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना काहीही फायदा झाला नाही. उलट, त्यांचे आकडे थोडे वाईटाकडेच झुकलेले होते.

मला या तीन ओळींतली तिसरी ओळ सर्वांत मोलाची वाटते. पहिल्या दोन ओळींनी औषध दिलं. तिसरीनं त्याची मात्रा सांगितली. मात्रा म्हणजे केवळ किती मिलिग्रॅम एवढंच नव्हे. कोणाला, आजाराच्या कितव्या दिवशी, किती दिवस, हे सगळं मिळून मात्रा होते. आजाराच्या सुरुवातीला विषाणू वाढत असतो आणि शरीराचे पहारेकरी त्याच्याशी झुंजत असतात. तेव्हाच स्टिरॉइड दिलं तर पहारेकरीच गुंगतात. पुढे काही रुग्णांत हेच पहारेकरी बेभान होऊन स्वतःच्या फुप्फुसांवर तुटून पडतात. तिथे त्यांना शांत करणारं स्टिरॉइड जीव वाचवतं. गोळी तीच, माणूसही तोच, मधे गेलेले फक्त पाच-सात दिवस.

ही तिसरी ओळ आपण नीट ऐकली नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमच्याच इमारतीत एक गृहस्थ तापाच्या दुसऱ्या दिवशी नातेवाइकाच्या जुन्या चिठ्ठीवरून स्टिरॉइड घेऊ लागले. सॅच्युरेशन ९८ होतं, त्यात मधुमेह जुना. अशी घरं त्या काळात कितीतरी होती. मग मे महिन्यात म्युकरमायकोसिसनं, म्हणजे आपण ज्याला ‘काळी बुरशी’ म्हणू लागलो त्या आजारानं महाराष्ट्र हादरला. स्टिरॉइडनं रक्तातली साखर वाढते, प्रतिकार मंदावतो, आणि श्वासातून नाकात गेलेले बुरशीचे कण एरवी जिथे टिकलेही नसते तिथे मूळ धरतात. कोविडमधून उठलेल्या कित्येकांचा त्या बुरशीनं डोळा नेला, कित्येकांचा जबडा. त्यावरच्या अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात धावत होते.

ती बुरशी बहुतेकदा रायझोपस कुळातली असते. शिळ्या पावावर काळीकरडी लव चढते, तीही याच कुळातली. आणि या कुळाचं स्टिरॉइडशी असलेलं नातं फार जुनं आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. पण ते कॉर्टिसोन बैलांच्या पित्तापासून, तीसहून जास्त रासायनिक पायऱ्या चढून बनत असे. ग्रॅमला दोनशे डॉलर मोजावे लागत. रसेल मार्कर या रसायनतज्ज्ञानं मेक्सिकोच्या रानातल्या कंदांपासून स्टिरॉइड बनवण्याची वाट काढली होती. हिवाळ्यात ठाण्याच्या बाजारात येणारी कोनफळं आणि करांदे त्या कंदांचेच भाऊबंद. तरी एक पायरी अडलेली होती: रेणूतल्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवणं. भल्या भल्या रसायनतज्ज्ञांना जड जाणारं हे काम १९५२ मध्ये पीटरसन आणि मरे या अपजॉन कंपनीतल्या संशोधकांनी करून घेतलं, ते रायझोपस बुरशीकडून. मग कॉर्टिसोन ग्रॅमला सहा डॉलरवर आलं आणि स्टिरॉइड सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं.

स्टिरॉइड स्वस्त करणारं आणि स्टिरॉइडचा अतिरेक झालेल्या देहात शिरून त्याला पोखरणारं, एकच कुळ. बुरशी दोन्हीकडे आपल्या स्वभावानंच वागली. तिला उपकारही ठाऊक नव्हता आणि सूडही. फरक मोजणाऱ्या हाताचा होता. एकीकडे तिला काचपात्रात मोजून-मापून वाढवलं होतं, दुसरीकडे मोजणं सुटलं होतं. त्या रानकंदांचंही तेच झालं. कारखान्यांची मागणी वाढली तशी मेक्सिकोची रानं इतकी खणली गेली की कंद मिळणं अवघड झालं. निसर्गाकडून घेण्यालाही मात्रा असते.

मात्रा ठरवण्यासाठी आधी ‘आम्हाला माहीत नाही’ असं म्हणण्याचं धैर्य लागतं. आपल्याकडे त्याचं उदाहरण आहे. २०२० मध्ये कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा हवा, अमुक रक्तगट, तातडीनं, असे निरोप ठाण्यातल्या प्रत्येक फोनवर फिरत होते. देणारे मनापासून देत होते, मागणाऱ्यांचा जीव टांगणीला लागलेला होता. त्याच काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांची चाचणी घेतली. प्लाझ्मानं ना आजार बळावणं थांबलं, ना मृत्यू. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा उपचार अधिकृत शिफारशींतून वगळला गेला. आशा मावळली, पण पुढच्या किती घरांची ती वणवण वाचली!

या चाचण्यांत भाग घेतलेल्या माणसांविषयी मला फार कृतज्ञता वाटते. स्वतःला श्वास पुरत नसताना, आपल्या वाट्याला कोणता उपचार येईल हे ठाऊक नसताना, त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी होकाराची सही केली. त्यांतले अनेक जण गेले. त्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत. पण डॉक्टर आज एखाद्या रुग्णाला स्टिरॉइड देतात आणि शेजारच्या खाटेवरच्याला देत नाहीत, तेव्हा त्या निर्णयात ती सगळी माणसं असतात.

नव्या औषधाची बातमी येते तेव्हा आपण विचारतो, गुण येतो का? यापुढे मी त्याला आणखी एक प्रश्न जोडणार आहे: कोणाला आला, आणि कोणाला नाही? घरातल्या डब्यात उरलेली मागच्या वेळची पट्टी हाती घेतानाही हाच प्रश्न. ती पट्टी तेव्हाच्या माणसासाठी आणि त्याच्या तेव्हाच्या आजारासाठी लिहिलेली होती. आज तापलेला देह वेगळा आहे.

शेजारची एखादी सून रडतं बाळ घेऊन दारात आली की आजी लगेच सहाण काढत नसे. आधी बाळाला मांडीवर घ्यायची. पोटावरून हात फिरवायची, टाळू पाहायची, कधीपासून रडतंय ते विचारायची. कधी कधी सगळं विचारून झाल्यावर म्हणायची, ‘आज काही नको देऊ. नुसतं छातीशी धर.’

त्या दिवशीही तिनं मात्रा दिलेलीच असायची.